रडीचा डाव खडी! ऑनलाइन बुद्धिबळात हरताना पळणाऱ्यांचं काय करायचं?

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ८.१०

काल रात्री पंधरा अधिक दहाचा (प्रत्येकी पंधरा मिनिटं, शिवाय दर खेळीला दहा सेकंद वाढीव) रॅपिड डाव चालला होता. माझ्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, समोरच्याकडे एकटा घोडा आणि कोपऱ्यात कोंडलेला राजा. खेळी त्याची. तो काहीही खेळला असता तरी पुढच्या खेळीला मात होती. ती त्यालाही दिसली असणार, कारण तोवर सपासप खेळणारा गडी एकदम गप्प झाला. त्याच्या घड्याळात ८ मिनिटं ४२ सेकंद.

पहिलं मिनिट मला वाटलं विचार करतोय. दुसऱ्या मिनिटाला त्याने बरोबरीचा प्रस्ताव पाठवला. नाकारला. चौथ्या मिनिटाला परत पाठवला. परत नाकारला. मग त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला, म्हणजे गडी साइटवरून गेला, आणि मी खुर्चीतून उठणार एवढ्यात पुन्हा हिरवा. असं दोनदा. त्यानंतर काहीच नाही, नुसते आकडे उतरताहेत. शेवटची चार सेकंद उरली आणि पठ्ठ्याने घोडा हलवला! म्हणजे हा इसम साडेआठ मिनिटं स्क्रीनसमोर बसून होता, एवढ्याच आशेवर की मी कंटाळून उठलो असेन आणि आता माझं घड्याळ पळायला लागेल. माझ्याकडे जेमतेम दोन मिनिटं होती. उठलो असतो तर गेलोच होतो.

मात दिली. त्याने चॅटमध्ये एक शब्द टाकला, तो इथे टाकला तर संपादक धागा उडवतील.

डाव जिंकला, पण झोप उडाली ती उडालीच. साइटचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असले चिडके बिब्बे सगळीकडे आहेत. मला एवढंच विचारायचंय की अशा वेळी तुम्ही काय करता? तक्रार? ब्लॉक? की सोडून देता? आणि तक्रार केल्याने खरंच काही होतं का?

अडीचघर | रविवार, सकाळी ८.२५

मी पहिला!
मागच्या आठवड्यात अशाच एका महात्म्याने मला नऊ मिनिटं दिली. तेवढ्यात मी हत्तीच्या अंतिम डावावरचा एक अख्खा लेख वाचून काढला. पुढच्या डावात तोच हत्ती कामी आला. मी तर त्याला गुरुदक्षिणा पाठवणार होतो, पण त्याने मला ब्लॉक केलं होतं.

निव्वळ_वाचक | रविवार, सकाळी ८.३१

वाचतोय.

अबोली | रविवार, सकाळी ९.०२

पाच वर्षं ऑनलाइन खेळतेय. घड्याळ चालू ठेवून बसणाऱ्यांचा आता राग येत नाही, सवय झाली. शेवटच्या सेकंदाला खेळणारे मात्र मुरलेले असतात, त्यांच्यापासून सावध. आवाज चालू ठेवायचा आणि टॅब सोडायचा नाही, बस.

मला खरा त्रास चॅटचा. नाव बाईचं दिसलं की हरलेल्याची जीभ सैल सुटते. "शेजारी कोण बसलंय?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदा मी खरंच शेजारी बघितलं. शेवटी टोपणनाव बदललं आणि चॅट कायमचं बंद केलं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर झेड दाबलं की झेन मोड लागतो. नावं, रेटिंग, चॅट सगळं गायब, उरतो फक्त पट आणि घड्याळं. समोर माणूस आहे हे विसरायला होतं, आणि तेच हवं असतं.

फुकटचा_वकील | रविवार, सकाळी ९.४०

गर्दीच्या विरोधात बोलतोय, हलकेच घ्या.

आठ मिनिटं बेचाळीस सेकंद कोणाची होती? त्याची. तुम्ही १५+१० खेळायला बसलात म्हणजे ती त्याला मिळणार हे मान्य करूनच बसलात. त्यात त्याने मात टाळायचा विचार केला, की छताकडे बघितलं, हा त्याचा प्रश्न. हरत असलेल्याने डाव सोडलाच पाहिजे असं फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत कुठेही नाही. वेळ संपला की हरला, विषय संपला.

एकच गोष्ट मान्य. प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देणं किंवा त्याचं लक्ष विचलित करणं फिडेच्या ११.५ व्या कलमाखाली निषिद्ध आहे, आणि वाजवी कारण नसताना बरोबरीचे प्रस्ताव पाठवणं त्यातच येतं. तेव्हा ते दोन प्रस्ताव चूक. बाकी घड्याळ त्याचं, मर्जी त्याची.

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ९.५५

@फुकटचा_वकील, पटावर समोरासमोर असता तर मान्य केलं असतं. तिथे त्याला माझ्या डोळ्यांसमोर आठ मिनिटं बसावं लागलं असतं, आजूबाजूची चार माणसं बघत असती. तेवढी शिक्षा पुरेशी असते हो. इथे तो पांघरुणात लोळत होता की काय कोण जाणे.

लॉगआऊट | रविवार, सकाळी १०.२०

पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो (बुद्धिबळाचे नव्हे), म्हणून थोडं तांत्रिक.

सर्व्हरला तुमचं मन कळत नाही, त्याला फक्त जोडणी कळते. तुम्ही टॅब बंद केलीत तर ब्राउझर जाताजाता "येतो" म्हणून निरोप देऊन जातो. नेट तुटलं तर निरोपबिरोप काही नाही, पलीकडून उत्तर यायचं बंद होतं एवढंच. त्यामुळे या दोन्हींत फरक करता येतो, आणि लिचेस तो करतं. पान बंद करून गेलेल्याच्या प्रतिस्पर्ध्याला विजयाचा दावा करायला कमी थांबावं लागतं, नेट गेलेल्याला परत यायला जास्त सवलत मिळते. दावा करताना विजय किंवा बरोबरी यातलं काहीही निवडता येतं. समोरच्याचं नेट खरंच गेलंय अशी खात्री असेल तर बरोबरी देऊन टाकणारे भले लोकही आहेत.

मोबाइलवर मात्र सगळा घोळ. मधेच फोन आला, अॅप मागे गेलं, फोनने बॅटरी वाचवायला त्याची जोडणी तोडली. सर्व्हरच्या लेखी तुम्ही पळालात. उंटावरच्या शहाण्यांनी बघितलेला हिरवा-करडा-हिरवा खेळ असाही होऊ शकतो, पण त्यांच्या केसमध्ये नसावा.

सगळ्यात अवघड म्हणजे जोडणी शाबूत ठेवून नुसतं बसणारा. विचार करणाराही तसाच दिसतो. मग एकाच डावाऐवजी सवय बघावी लागते. इतर खेळ्यांना किती वेळ घेतो, हरलेल्या स्थितीतच थांबतो का, किती डावांत असं झालं. म्हणून तक्रार केल्याकेल्या काही झालेलं दिसत नाही, पण ती वाया जात नाही. पुन्हा पुन्हा असं करणाऱ्याला लिचेस काही काळ नवीन डावच खेळू देत नाही, आणि सवय सुटली नाही तर तो काळ वाढत जातो. शेवटच्या क्षणी खेळी करून डोळ्यांत धूळ फेकणाराही त्यातून सुटत नाही.

रेंजनाही | रविवार, सकाळी ११.०५

आयडी बघा माझा, म्हणजे दुःख कळेल.

तुम्ही सगळे ज्याला पळपुटा म्हणताय तो मी आहे. नेट जातं. जिंकत असताना जातं, हरत असताना जातं, पहिल्या खेळीला जातं. जिंकत असताना गेलं तर समोरचा काही बोलत नाही, गुपचूप गुण घेतो. हरत असताना गेलं की परत येईपर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झालेला असतो. एकदा वजीर वर (म्हणजे समोरच्यापेक्षा एक वजीर जास्त) असताना गेलं, धावत फोनच्या नेटवर आलो तर डाव संपलेला आणि समोरच्याचा संदेश: "घाबरलास ना?" अरे, वजीर वर होतो मी!

अडीचघर | रविवार, सकाळी ११.०९

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "घाबरलास ना" हे सहीत टाकतो.

फुकटचा_वकील | रविवार, सकाळी ११.३०

@रेंजनाही, सहानुभूती आहे. पण नेट ही खेळाडूची जबाबदारी. गेलं तर हरलात. कारण बघत बसलं तर प्रत्येक पळपुट्याचं नेट "गेलेलं"च निघेल. नियम तो नियम.

रेंजनाही | रविवार, सकाळी ११.४८

मग २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचं काय? ३० ऑगस्टला भारत-रशिया अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि दोघं वेळ संपून हरले. त्या दिवशी इंटरनेट जगभर अनेक ठिकाणी कोलमडलं होतं. भारताने दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. तेव्हा कुठे गेला होता नियम तो नियम?

फुकटचा_वकील | रविवार, दुपारी १२.१५

बरं झालं काढलंत. आता दोनच दिवस मागे जा. उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध आर्मेनिया. आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानचा संपर्क तुटला आणि तो हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि चिडून त्यांनी दुसरा सामना खेळायलाच नकार दिला. भारत पुढे गेला. त्या दिवशी आपण कोणी म्हटलं नाही की बिचाऱ्याचं नेट गेलं. आपलं गेलं तेव्हा मात्र सुवर्ण वाटून घेतलं.

जगभर कोलमडलेलं नेट आणि एकाच्या घरचं गेलेलं नेट यांत फरक आहे, हे मान्य. पण तो फरक करायला तिथे अपील समिती होती, अध्यक्ष होते. तुमच्या-माझ्या डावाला कोण आहे?

उंटावरचा_शहाणा | रविवार, दुपारी १२.४०

मुद्दा जोरदार आहे. आर्मेनियाचं मी विसरलो होतो.

पण त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट बघा. ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनविरुद्ध चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क बरोबरीच्या स्थितीत तुटला आणि तो वेळ संपून हरला. नियमाने गुण कार्लसनचा. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच वजीर फुकट दिला आणि डाव सोडला. हिशेब चुकता. कुठल्या समितीने सांगितलं होतं त्याला?

अडीचघर | रविवार, दुपारी १२.४४

आणि त्याच कार्लसनने २०२२ मध्ये ऑनलाइन स्पर्धेत अमेरिकेच्या नीमनविरुद्ध एक खेळी करून डाव सोडला आणि कॅमेरा बंद केला. म्हणजे देवमाणूस वगैरे ठरवायची घाई नको. २०२५ मध्ये गुकेशकडून हरल्यावर टेबलावर मूठ आपटली ती वेगळीच.

अबोली | रविवार, दुपारी १२.५८

मूठ आपटली, पण डावही सोडला आणि हातही मिळवला. घड्याळ चालू ठेवून निघून नाही गेला. मला आपटणारे चालतील एक वेळ.

सई_ची_आई | रविवार, दुपारी २.३०

थोडं अवांतर होईल, पण हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. लेक नऊ वर्षांची. खेळते छान. पण डाव हातातून जायला लागला की टॅबलेट पालथा घालते आणि "नेट गेलं" म्हणते. त्याच नेटवर शेजारच्या खोलीत माझी मीटिंग चालू असते.

रागावून झालं. टॅबलेट काढून घेऊन झालं. मग ठरवलं की हरताना "डाव सोडा" हे बटण तिनेच दाबायचं, मी शेजारी बसणार. तर बटणावर बोट ठेवून दहा मिनिटं रडली. माझंच काही चुकतंय का? इथल्या जाणत्यांनी सांगावं.

प्यादेमात | रविवार, दुपारी ३.१५

ताई, डाव सोडायला लावू नका. या वयात मातेपर्यंत खेळू द्या. नवशिक्यांच्या डावात समोरचाही नवशिकाच असतो, वजीर वर असताना स्टेलमेट (शह नाही, पण खेळीही नाही, म्हणजे बरोबरी) करून बसतो. हरलेल्या डावात शेवटपर्यंत लढणं हा काही रडीचा डाव नव्हे, आणि ती अर्धा गुण सोडवायला शिकली तर तिचाच फायदा. रडी म्हणजे न खेळणं. तिला एवढंच सांगा: हरत असलीस तरी खेळी कर. जमेल तशी कर, वाईट कर, पण कर. राजा अडकला की डाव आपोआप संपतो, बटण दाबायची वेळच येत नाही.

आता म्हाताऱ्याची एक आठवण. मी पत्राने बुद्धिबळ खेळायचो. एका कार्डावर एक खेळी. डाव दीड-दोन वर्षं चाले. त्यातही पळपुटे होतेच. तुमचा घोडा त्याच्या छातीवर बसला की पत्रं यायची बंद. आपण आपले रोज पोस्टमनकडे बघतोय. वाटायचं, आजारी असेल, घर बदललं असेल. महिनाभराने स्पर्धाप्रमुखाला कळवायचं. पत्रव्यवहारी बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत अजूनही न कळवता खेळ सोडून देणं हा गंभीर अपराध मानतात. तेव्हा उंटावरचे शहाणे, तुमची आठ मिनिटं म्हणजे काहीच नाही. मी एकाच्या खेळीची सात महिने वाट पाहिली आहे.

सई_ची_आई | रविवार, दुपारी ३.२२

काका, "वाईट कर, पण कर" हे लिहून टॅबलेटच्या मागे चिकटवते. मनापासून आभार.

अडीचघर | रविवार, दुपारी ३.२५

@प्यादेमात, सात महिन्यांनी पत्र आलं का शेवटी?

प्यादेमात | रविवार, दुपारी ३.४०

आलं. बरोबरीचा प्रस्ताव होता.

निव्वळ_वाचक | रविवार, दुपारी ३.४१

खिक्क.

अबोली | रविवार, संध्याकाळी ५.१०

@फुकटचा_वकील, सकाळपासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. तुम्ही म्हणता घड्याळ त्याचं, मर्जी त्याची. आणि तुम्हीच म्हणता नियम तो नियम. मग खातं उघडताना आपण साइटच्या अटी मान्य केल्या, त्यांचं काय? हरताना मुद्दाम वेळ काढू नये हा नियम मोठ्या साइट्सवर असतोच. तो मान्य करूनच तो माणूस पटावर आला. फिडेचा नियम पाळायचा आणि साइटचा नाही, असं का? आणि घड्याळ जर खरंच फक्त त्याचं असेल, तर टॅब बंद केल्यावर घड्याळात पाच मिनिटं शिल्लक असतानाही डाव जातो, तो साइटने त्याचा चोरलेला वेळ म्हणायचा का?

लॉगआऊट | रविवार, संध्याकाळी ५.१४

शह.

अडीचघर | रविवार, संध्याकाळी ६.३०

वकीलसाहेबांचा हिरवा दिवा दिसतोय, खेळी दिसत नाही.

अडीचघर | रविवार, रात्री ८.०५

अजून हिरवाच.

निव्वळ_वाचक | रविवार, रात्री ८.०७

विजयाचा दावा करता येतो का इथे?

आज_नाव_नको | रविवार, रात्री ९.४५

हा आयडी फक्त या प्रतिसादासाठी काढलाय. संपादकांनी डुआयडी (एकाच माणसाचं दुसरं खातं) म्हणून उडवण्याआधी वाचून घ्या.

मी हे वर्षभर केलंय. अगदी धाग्यात वर्णन केलंय तसंच. हरायला लागलो की फोन उताणा ठेवायचा, बाजूला बसायचं आणि नुसतं बघायचं. शेवटच्या दहा सेकंदांचा इशारा वाजला की पोटात काहीतरी गोड हलायचं, समोरचा उठून गेला असेल या विचाराने. बरेचदा उठलेला नसायचा. आता विचाराल, यातून मिळायचं काय? रेटिंग तर तसंही जायचं, मात झाली काय आणि वेळ संपला काय. पण "डाव सोडा" दाबलं की मी हरलो, आणि वेळ संपला की वेळ संपला. एवढाच फरक. तेव्हा तो फार मोठा वाटायचा. नोकरीत तेव्हा काय चाललं होतं ते सांगत नाही, पण दिवसभर दुसरेच लोक माझं घड्याळ चालवत होते असं समजा.

हे सुटलं ते एका माणसामुळे. लिचेसवर समोरच्याला पंधरा सेकंद जास्त देण्याचं बटण असतं. मी असाच एका हरलेल्या डावात घड्याळ उतरवत बसलो होतो. वीस सेकंद उरली आणि एकदम पस्तीस झाली. मला वाटलं चुकून. परत वीसवर आली, परत पस्तीस. हा बाबा मला वेळ देत होता! मी खेळत नव्हतो आणि तो मला हरू देत नव्हता. असं अकरा वेळा झालं, मी मोजलं. शेवटी मलाच हसू फुटलं. "माफ करा" लिहिलं आणि डाव सोडला. त्याचं उत्तर आलं: "सतराव्या खेळीपर्यंत तुम्ही माझ्याहून चांगले होतात. अठरावीला उंट का मारलात?" मग आम्ही अर्धा तास तोच डाव उलगडत बसलो. उंट मारायला नकोच होता.

उंटावरचा_शहाणा | रविवार, रात्री १०.०२

काय लिहू? सकाळी मी तुमच्यासारख्याला शिव्या द्यायला धागा काढला होता.

रेंजनाही | रविवार, रात्री १०.०८

अकरा वेळा! त्या माणसाला शोधून मला त्याच्याशीच खेळायचंय. माझं नेट परत येईपर्यंत वेळ देत बसेल.

लॉगआऊट | रविवार, रात्री १०.३०

हृद्य आहे, पण लगेच सगळ्यांनी हे करू नका. बहुतेक जण ते डिवचणं समजतात, आणि मुरलेला पळपुटा तुमची रात्र खाईल. व्यवहार्य उपाय सांगतो: सुरुवातीचा वेळ कमी आणि वाढीव सेकंद जास्त असलेले डाव खेळा. १५+१० मध्ये वेगाने खेळणाऱ्याकडे शेवटी दहा-बारा मिनिटं पडून असतात, तीच तो तुमच्यावर फेकतो. ३+५ खेळलात तर फेकायला मुळात साठाच नसतो, आणि प्रत्येक खेळीला विचारापुरते सेकंदही मिळत राहतात.

प्यादेमात | सोमवार, सकाळी ७.००

पोरांनो, तुम्हाला वाटतं हे इंटरनेटने आणलं. इंग्लंडमधली हेस्टिंग्ज स्पर्धा, १८९५. स्टाइनिट्झ विरुद्ध फॉन बार्डेलेबेन. पंचविसाव्या खेळीला स्टाइनिट्झचा हत्ती शह देत प्यादं मारतो. बार्डेलेबेनने पट बघितला, उठला आणि काही न बोलता सभागृहाबाहेर गेला. डाव सोडला नाही, हात मिळवला नाही. त्याचं घड्याळ चालूच राहिलं आणि वेळ संपून तो हरला. स्टाइनिट्झने तिथेच प्रेक्षकांना दहा खेळ्यांतली सक्तीची मात लावून दाखवली. त्याच डावाला पुढे सौंदर्याचं पारितोषिक मिळालं.

तो उत्तम खेळाडू होता हो. पण आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक या दारातून बाहेर जाण्यासाठीच.

अबोली | सोमवार, सकाळी ७.२०

करडा ठिपका, १८९५ आवृत्ती.

फुकटचा_वकील | सोमवार, सकाळी ९.३५

विचार करत होतो. वेळ माझा होता.

अडीचघर | सोमवार, सकाळी ९.३६

अगागागा!! सोळा तास पंचवीस मिनिटं!

फुकटचा_वकील | सोमवार, सकाळी ९.५०

@अबोली, साइटच्या अटींचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. मी पटावरच्या नियमांच्या चष्म्यातून बघत होतो. अर्थात पटावरही पंच असतो आणि शिष्टाचाराचं नियमात काही नाही असं नाही. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेत चेपारिनोव्हने शॉर्टशी हात मिळवला नाही म्हणून त्याला डाव हरल्याचं जाहीर केलं होतं. अपिलात तो निर्णय फिरला आणि डाव खेळवला गेला, शॉर्ट जिंकला तो भाग वेगळा. तेव्हा "वेळ संपला की विषय संपला" हे माझं वाक्य मागे.

बरोबरी?

अबोली | सोमवार, सकाळी ९.५२

नामंजूर.

फुकटचा_वकील | सोमवार, सकाळी ९.५५

सोडला डाव. छान खेळलात.

संपादक | सोमवार, सकाळी १०.१५

डुआयडीला नियमांनुसार समज दिली आहे. प्रतिसाद मात्र ठेवत आहोत.

उंटावरचा_शहाणा | पुढच्या रविवारी, रात्री ९.२०

धागा वर काढतोय. आठवडाभर प्रयोग केला. लॉगआऊटांचं ऐकून ३+५ वर आलो, चॅट बंद, आवाज चालू, आणि शेजारी एक कागद. तीस डाव झाले. चार जण मधेच गेले. दोघं हरताना टॅब बंद करून गेले, थोड्या वेळात दाव्याचं बटण आलं, दाबलं. त्यांची तक्रार नाही केली, ब्लॉक केलं. एक जण बसून राहिला, पण तीन मिनिटांच्या डावात बसून बसून बसणार किती? त्याची तक्रार केली.

चौथ्याचं सांगायचंय. मी एक हत्ती वर होतो. त्याचा ठिपका करडा झाला, दाव्याचं बटण आलं. दाबणार होतो, पण म्हटलं, असेल बाबा नेट गेलेलं, थांबू. कुठल्या धाग्याचा परिणाम ते सांगायला नको. तो परत आला, भराभर खेळायला लागला, मी भारावलेल्या अवस्थेत हत्ती घोड्याच्या माऱ्यात ठेवला. हरलो. वर चॅट बंद असल्याने त्याने काय लिहिलं तेही कळलं नाही.

अडीचघर | पुढच्या रविवारी, रात्री ९.२४

"घाबरलास ना?" लिहिलं असणार.

रेंजनाही | पुढच्या रविवारी, रात्री ९.३१

थांबा, थांबा. गुरुवारी रात्री? तुमची काळी मोहरी? घोडा एफ सहावर येऊन एकदम राजा आणि हत्तीवर?

उंटावरचा_शहाणा | पुढच्या रविवारी, रात्री ९.३३

व्यक्तिगत निरोप बघा.